चकमकीच्या बंदुकीचा नेम नेमका कुठं चुकतो?

पेठेतला

मंडळी, यंदा शिवजयंतीला आमच्या तालमीनं शस्त्रप्रदर्शन भरवलं होतं. तलवारी, पट्टे, कट्यारी आणि एका ओळखीच्या घरातून दोन दिवसांसाठी मागून आणलेली चकमकीची ठासणीची बंदूक. त्या टेबलाशी मी उभा होतो. चौथी-पाचवीतला एक पोरगा आला, बराच वेळ बंदुकीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "काका, हिचा नेम लागायचा का?" मी ठोकून दिलं, "कुठला रे! पन्नास पावलांवरचा माणूस चुकायचा." पोरानं मान हलवली आणि पुढं गेला.

मला माहीत नसताना मी बोललो, हे तेव्हापासून खटकतंय. लहान पोराला शस्त्राबद्दल काही सांगायचं तर ते खरं असावं.

बंदूक अशी आहे: नळी गुळगुळीत, आत आटे (गोळीला फिरकी देणारे वळत गेलेले खाचे) नाहीत. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, त्याखाली चामड्याची घडी. समोरच्या पोलादी पट्टीवर उभे उभे ओरखडे, म्हणजे ती भरपूर वापरलेली आहे. मागं बघण्याची खाच नाही, पुढं एक चौकोनी गुटका तेवढा. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पाटीवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह.

प्रश्न एवढाच, नेम कशामुळं चुकायचा? चकमकीमुळं, गोळीमुळं, नळीमुळं की माणसामुळं? पुढच्या वर्षी त्या टेबलावर नीट पाटी लावायची आहे.

मोडीवाचक

उभा सिंह म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची खूण. तुमच्या वर्णनावरून ती 'इंडिया पॅटर्न' मस्केट, म्हणजे पायदळाची गुळगुळीत नळीची लांब बंदूक, दिसते. नळी मोजून बघा, ३९ इंच भरली तर बहुतेक तीच. तो चौकोनी गुटका संगीन अडकवायचा आहे. शिपाई त्याचाच माशीसारखा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेसारखा, उपयोग करून घेत.

पाटी लिहिताना एक काळजी घ्या. शिवकाळातली बंदूक तोडेदार, म्हणजे पेटता तोडा घोड्याला बांधून रंजकीवर (बार पेटवण्यासाठी बाहेर ठेवलेल्या चिमूटभर दारूवर) टेकवायची. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला तेव्हा भर पावसात तोडे आणि दारू कोरडी ठेवणं हे दोन्ही बाजूंचं रोजचं काम असणार. चकमकीच्या बंदुका आपल्याकडं मोठ्या प्रमाणात आल्या त्या पुढं कवायती फौजांबरोबर. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द बॉइन या युरोपीय सेनानीकडून पलटणी उभ्या करून घेतल्या, आग्र्याला कारखाना चालवला. तुमची बंदूक शिवजयंतीच्या टेबलावर असली तरी तिचा काळ दीडशे वर्षं पुढचा आहे, हे पाटीवर आलंच पाहिजे.

लांबनळी

नमस्कार. मूळचा कसबा बावड्याचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात. इथं हिवाळ्यात हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळं ही विद्या अजून जिवंत आहे. मी शिकार करत नाही, पण क्लबात दर महिन्याला कागदावर बार काढतो. म्हणून हाताच्या अनुभवावरून लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. चकमक ही पेटवायची रीत. गुळगुळीत नळी आणि सैल गोळी हा वेगळा मामला. माझी बंदूक चकमकीचीच आहे, पण नळीत आटे आहेत आणि गोळी चिंधीत गुंडाळून घट्ट बसवतो. ५० यार्डांवर बैठकीवरून पाच गोळ्या चहाच्या बशीत सहज बसतात. चांगला दिवस असला तर कपाच्या तोंडात. म्हणजे चकमकीनं नेम जातो हे खरं नाही.

तुमच्या मस्केटचा नेम जातो तो फटीमुळं. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, साधारण १९ मिलिमीटर, गोळी साडेसतराची. दीड मिलिमीटर फट! कारण उघड आहे. पाच-दहा बार झाले की नळीत काजळीचा थर बसतो, आणि लढाईच्या धुमाळीतही गोळी भसकन आत जायला हवी. पण बार झाला की तीच गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत पुढं येते. शेवटचा ठोका ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेला बाहेर पडते, वर त्याच ठोक्यानं कशीही गरगरते.

आता चिंधी. माझ्या बंदुकीत हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. घट्ट विणीचं सुती कापड, जाडी पाव ते अर्धा मिलिमीटर, त्याला मेण आणि चरबीचं वंगण. सैल विणीचं कापड घेतलं की संपलं. बार झाल्यावर दहा-पंधरा पावलांवर चिंधी पडलेली असते, ती मी दर वेळी उचलून बघतो. मधोमध काळा गोल आणि कडा झालरीसारख्या सुटलेल्या असल्या की काम बरोबर. मध्ये जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. कडेला सुरीनं कापल्यासारख्या चिरा दिसल्या तर नळीच्या तोंडाची धार चिंधीला चावते आहे. निशाणाचा कागद गोळी कुठं गेली एवढंच सांगतो. का गेली ते चिंधीवरून कळतं.

भुदरगडकर आप्पा

लांबनळी, चिंधीचं वाचून आजोबांची आठवण झाली बघा. आमच्या घरात पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. चकमकीची नव्हे, केपाची, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या छोट्या टोपीची. भात पोटरीला आलं की डुकरं शिवारात उतरायची, त्यासाठी. आजोबा दारूवर आधी नारळाचा काथ्या ठासायचे, मग गोळी किंवा छर्रे, वरून परत काथ्या. गज टाकताना मोजून ठोके द्यायचे. गज नळीतून किती बोटं वर राहतो याची खूण त्यांनी गजावरच कोरून ठेवली होती. खुणेपेक्षा गज वर राहिला तर ते बार काढायचेच नाहीत. "गोळी दारूवर टेकली नाय, मधी पोकळी हाय" म्हणायचे.

पावसाळ्यात नळीच्या तोंडावर मेण लावलेलं फडकं आणि घोड्यावर चामड्याची टोपी. आमच्याकडं गगनबावड्याच्या बाजूला आषाढात हवा अशी असते की घरातलं मीठ पाणी धरतं. दारू धरणार नाही काय? सकाळी भरलेला बार संध्याकाळी नुसता फुस्स करायचा.

लांबनळी

आप्पा, आजोबांनी कोरलेली ती खूण आम्ही आजही पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला शिकवतो. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटतेसुद्धा. नेमाच्या आधी जीव वाचवणारी खूण आहे ती. आणि नेमासाठीही तिचं मोल तेवढंच. ठासण्याचा दाब दर वेळी सारखा हवा.

दमट हवेचंही तुम्ही बरोबर सांगितलंत. काळी दारू जळते तेव्हा वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन कचरा म्हणून मागं राहतो, आणि तो पाणी ओढतो. कोरड्या हवेत नळीत खडखडीत कवच बसतं, दमट हवेत चिखल होतो. दोन्हींत गोळी वेगळी बसते. म्हणून मी दर बारानंतर ओलसर चिंधीनं नळी एकदा पुसतो. न पुसता दहा बार काढले की पहिले तीन एकीकडं, पुढचे भलतीकडं.

उद्यमनगरी

मी कारखान्यातला माणूस, बंदूक कधी हातात धरली नाही. पण गोळी म्हणजे शेवटी कास्टिंगच, तेव्हा माझं ऐका.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. साचा गार असला तर गोळीवर सुरकुत्या पडणार. फार गरम झाला तर थिजायला वेळ लागून आत पोकळी राहणार. आमच्याकडं ब्लो होल म्हणतात तीच. बाहेरून गोळी चकचकीत, पण आत बुडबुडा असला तर वजनाचा मध्य आणि गोलाचा मध्य एका जागी राहत नाही. अशी गोळी फिरायला लागली की डगमगणार, हे लेथवर ऑफसेंटर जॉब फिरवलेल्या कुणालाही सांगायला नको.

हिशोब करून बघितला. समजा, १२.४५ मिलिमीटर व्यासाची शुद्ध शिशाची गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आत-बाहेर भरली पाहिजे. तराजूवर हलकी भरली तर आत हवा आहे किंवा शिशात कथिल-अँटिमनी मिसळलंय. मिसळ असली तर गोळी कडकही होते. एका डब्यातल्या पन्नास गोळ्या वजनानं निवडून घेतल्या तर अर्धी कटकट तिथंच मिटेल. साच्याच्या तोंडाशी जी शेपटी राहते ती कापल्यावर चपटा डाग उरतो, त्याचं काय करता?

लांबनळी

दादा, अगदी तेच करतो. वजन करून गोळ्या वेगळ्या काढतो, आणि तो चपटा डाग दर वेळी वर, नळीच्या तोंडाकडं ठेवूनच ठासतो. डाग कुठं आहे हे माहीत असलं की झालं. एकदा वर, एकदा कडेला, असं मात्र चालत नाही.

नेमबाज ताई

मी ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून मारायच्या रायफल प्रकाराची, नेमबाज. आता शिकवते. तेजस्विनी सावंतांनी २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद आणलं, त्या बातमीनं आमच्या पिढीतल्या कितीतरी मुली रेंजवर आल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसचं कांस्य आणलं तेव्हा गावभर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळं "माणसामुळं चुकतो का" या प्रश्नाचं उत्तर मी देते.

चाप दाबल्यापासून गोळी नळी सोडेपर्यंतचा वेळ आमच्या रायफलीत जाणवतसुद्धा नाही. चकमकीत मात्र घोडा सुटतो, गार पट्टीवर घासते, ठिणगी पडते, रंजक पेटते, ज्योत कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत जाते, मग बार होतो. एवढी लांब साखळी. त्यात डोळ्यांपासून वीतभर अंतरावर भडका उडतो! नवशिक्या मुलीला मी महिना-महिना फक्त एवढंच शिकवते की चाप दाबून झाल्यावरही रायफल तशीच धरून राहा, डोळा माशीवरून हलवू नको. ज्याला हे जमत नाही त्याचा चकमकीच्या बंदुकीवर एकही नेम लागायचा नाही. आमच्याकडं ही चूक अर्धा गुण खाते, तिथं ती अख्खं निशाण खाईल.

लांबनळी

ताई, तुमचं वाक्य क्लबाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. मला स्वतःला त्या भडक्याला डोळा न मिटण्यासाठी दोन वर्षं लागली. गारेच्या जागी लाकडाचा तुकडा लावून घरी रिकामा घोडा पाडत बसायचो. दिवसाला पन्नास वेळा.

पदार्थविज्ञान

ताईंच्या मुद्द्याला आकडे जोडतो. चांगल्या लॉकमध्ये ही साखळी पूर्ण व्हायला साधारण सेकंदाचा विसावा भाग धरू. नळीचं तोंड सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर या संथ गतीनं सरकत असलं, तरी तेवढ्यात ते अर्धा मिलिमीटर सरकतं. बंदूक मीटरभर लांब धरली तर ५० मीटरवर हा फरक २५ मिलिमीटर होतो. ताईंच्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. बघा, नळी जवळजवळ स्थिर असताना ही गत.

आता फटीचा हिशोब. शेवटच्या ठोक्यानं गोळी फक्त पाव अंश वाकडी निघाली तर १०० मीटरवर ती सुमारे ४४ सेंटिमीटर बाजूला पडेल. माणसाच्या खांद्याच्या रुंदीइतकं.

आणि याहून रंजक गोष्ट: गोळी सरळ निघाली तरी वाटेत वळते. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये तोफविद्येवर ग्रंथ लिहिला. गोळी नळीला घासून गरगरते आणि त्या गिरकीमुळं हवा तिला बाजूला ढकलते, हे त्यानं ओळखलं. पटवण्यासाठी त्यानं बंदुकीची नळी पुढच्या टोकाला मुद्दाम डावीकडं वाकवली. गोळी आधी डावीकडं निघाली आणि पुढं हवेत उजवीकडं वळली! कारण वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत आली होती आणि तशीच फिरत होती. क्रिकेटमध्ये फिरकीचा चेंडू हवेत 'ड्रिफ्ट' होतो त्यामागं हेच तत्त्व आहे. पुढं १८५२ मध्ये मॅग्नसनं यावर काम केलं आणि नाव त्याचं लागलं.

आटे हे करतात की गिरकी गोळीच्या वाटेला समांतर अक्षाभोवती बसवतात. मग ती बाजूला ढकलत नाही. शिवाय गोळीत एका बाजूला थोडा बुडबुडा असला तरी तो सतत फिरत राहिल्यानं त्याचा परिणाम एका दिशेला साचत नाही.

उद्यमनगरी

सर, पीच, म्हणजे एका वेढ्याची लांबी, किती असतो आट्यांचा? आमच्या बोल्टासारखा जवळ जवळ तर नसणार.

पदार्थविज्ञान

फार लांब. गोल गोळीला थोडीच गिरकी पुरते. इंग्रजांची बेकर रायफल १८०० च्या सुमारास आली, तिला सात आटे आणि ३० इंच नळीत फक्त पाव वेढा. म्हणजे १२० इंचांत एक वेढा. आजच्या गोल गोळीच्या नळ्यांत ४८ ते ६६ इंचांत एक वेढा सर्रास दिसतो. आखूड पीच आणि भरपूर दारू एकत्र आली तर गोळी आट्यांत न फिरता त्यांवरून घसरत निघते.

मोडीवाचक

सगळं वाचतोय, फार चांगलं चाललंय. पण एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. या चर्चेवरून मस्केट बनवणारे अडाणी होते असा समज होईल. तसं नव्हतं. त्यांना आटे ठाऊक होते, घट्ट गोळी ठाऊक होती. त्यांनी वेग निवडला. कवायतीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, आट्यांच्या नळीत चिंधीची गोळी ठासणाऱ्याला ते जमत नसे. नेम एका शिपायाचा नव्हता, अख्ख्या रांगेचा होता. प्रशियाच्या सैन्यानं १०० फूट लांब आणि ६ फूट उंच कापडावर पलटणीचा मारा करून बघितला होता. ७५ यार्डांवर ६० टक्के गोळ्या लागल्या, १५० वर ४०, २२५ वर २५. पण तो कवायतीच्या मैदानावरचा आकडा. धूर नाही, समोरून गोळी नाही.

आणखी एक गोष्ट कुणी लिहिली नाही. शिपाई कागदी काडतूस दातानं फाडायचा, त्यातलीच थोडी दारू रंजकीच्या प्याल्यात ओतायचा, प्याला झाकायचा आणि उरलेली नळीत. घाईत प्याल्यात जास्त गेली, थोडी जमिनीवर सांडली की नळीत कमी उरली. म्हणजे प्रत्येक बाराला दारूचं माप वेगळं, गोळीचा वेग वेगळा, आणि गोळी कधी वर, कधी खाली. नेम जाण्याचं हे कारण बोअरच्या फटीइतकंच मोठं आहे असं माझं मत आहे.

लांबनळी

आक्षेप मान्य, आणि दारूच्या मापाचंही. मी पितळी मापानं भरतो, माप दर वेळी एकाच प्रकारे टिचकी मारून सपाट करतो. फटीइतकं मोठं मात्र म्हणणार नाही. ५० यार्डांवर वेगातला फरक फारसा दिसत नाही, १०० च्या पुढं दिसतो. गोल गोळी वेग फार लवकर गमावते. ५८० मीटर सेकंदाला या वेगानं निघालेली १०० यार्डांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेग घालवून बसते. तिथं वारासुद्धा सोडत नाही. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला वीतभर ढकलतो.

भुदरगडकर आप्पा

गारेचं कुणी लिहिलंच नाही. आमच्या ओढ्यात गारगोट्या खच्चून मिळतात. त्या चालतील का?

लांबनळी

आप्पा, ठिणगी पडेल. पण ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. गारेच्या धारेनं पट्टीवरून पोलादाचा बारीक कीस निघतो, तो हवेत पेटतो. म्हणून धार महत्त्वाची. ओढ्यातली गोटी गुळगुळीत, तिला धार काढावी लागेल, आणि कठीण असली तरी ती हवी तशी पातळ फुटत नाही. इंग्रजांच्या गारा सफकमधल्या ब्रँडन गावच्या कारागिरांनी फोडलेल्या असत, एकसारख्या पाचरीच्या आकाराच्या. आमच्या गारेची धार वीस-पंचवीस बारांत मरते, मग टिचकी मारून नवी काढायची.

पट्टी मऊ असली तर चांगली गारही फुकट.

उद्यमनगरी

बरोबर. शोभेच्या बंदुका बनवणारे माईल्ड स्टीलची पट्टी लावतात, केस हार्डनिंग, म्हणजे वरचा थर कडक करणं, करत नाहीत. तिच्यावर ओरखडे पडतील, ठिणगी नाही.

पदार्थविज्ञान

चकमकीचा खरा दोष नेमापेक्षा भरवशाचा होता. १८३४ मध्ये इंग्रजांनी वुलिचला चकमकीच्या आणि केपाच्या सहा-सहा बंदुका घेऊन प्रत्येक प्रकाराचे ६००० बार काढले. चकमक ९२२ वेळा फुकट गेली, केप ३६ वेळा. म्हणजे साडेसहा बारांमागं एक नुसता फुस्स.

मोडीवाचक

आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १८४४ ला, सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथं गडकऱ्यांचं बंड झालं. चकमक जाऊन केप येण्याचा तोच संधिकाळ. तुमच्या टेबलावरची बंदूक कुठल्या हातांतून फिरली असेल, सांगता येत नाही.

संपादक मंडळ

चर्चा उत्तम चालू आहे. एक विनंती: ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. घरातली जुनी बंदूक कुणीही भरून बघू नये. कित्येक जुन्या नळ्यांत शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच भरलेला असतो.

लांबनळी

शंभर टक्के. पेठेतले, तुम्ही ती बंदूक हाताळायच्या आधी एक करा. घोडा पूर्ण खाली, प्याला रिकामा आहे ना ते बघा आणि नळीच्या तोंडासमोर न येता लाकडी काठी हलक्या हातानं आत सोडा. काठी किती आत गेली ते खूण करून बाहेरून कानाच्या जागेशी ताडून बघा. कानाच्या बरीच अलीकडं थांबली तर आत काहीतरी आहे. मग हात लावू नका, मालकांना सांगा आणि माहीतगार माणसाकडूनच रिकामी करून घ्या.

पेठेतला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या घरी जाऊन आलो. मालकांनी परवानगी दिली, कागदपत्रंही दाखवली. लांबनळी सांगतात तशी काठी सोडली, ती थेट कानापर्यंत गेली. रिकामी आहे.

नळी भरली ३९ इंच, मोडीवाचक म्हणाले तशीच. व्हर्निअरनं तोंडाशी बोअर मोजला. आडवा १९.३ आला. उभा १९.७. तीनदा मोजलं, तेच. तोंडाची कड खालच्या बाजूला गुळगुळीत झिजलीय, बोट फिरवलं की जाणवतं. वरची कड अजून धारदार आहे.

उद्यमनगरी

चार दशांश ओव्हल! ती झीज लोखंडी गजाची. ठासताना गज दर वेळी एकाच बाजूला टेकलाय. कवायतीत सगळे एकाच पद्धतीनं बंदूक धरणार, गज एकाच कोनातून घालणार.

लांबनळी

आणि गोळीला शेवटचा स्पर्श तिथंच होतो. बाहेर पडताना एका बाजूनं वायू आधी सुटतो आणि तिला ढकलतो. आम्ही तोंडाच्या कडेला इतके जपतो की गजाला पितळी कडं घालतो, तो नळीला घासू नये म्हणून. ही बंदूक नवी असताना जशी मारायची तशी शेवटी शेवटी मारत नसणार.

पेठेतला

म्हणजे त्या पोराला मी दिलेलं उत्तर चुकलंच. पन्नास पावलांवरचा माणूस तिनं चुकवला नसता. दीडशेवरचा कुठं गेला असता ते तिलाही ठाऊक नव्हतं. पोरगा आमच्याच गल्लीच्या मागच्या बोळात राहतो, शोधून काढलाय. रविवारी मालकांच्या घरी त्याला घेऊन जातोय, तोंडाची ती झिजलेली कड त्याच्या बोटाला दाखवायची आहे.

उद्यमनगरी

रविवारी किती वाजता? व्हर्निअर फक्त तोंडाचं माप देतो. मी बोअर गेज घेऊन येतो, आतली झीज किती खोलवर आहे ते बघू.

पेठेतला

सकाळी दहाला या दादा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.